'आय डोन्ट लाइक'च्या पुढे: इंग्रजीत नावड नेमकी कशी सांगायची

एखादी गोष्ट नकोशी झाली की मराठी माणसाला शब्दांची ददात नसते. कंटाळा येतो, वैताग येतो, वीट येतो, उबग येतो, चीड येते, तिटकारा वाटतो, किळस येते, शिसारी येते. कुणी डोळ्यांत खुपतं, कुणी डोक्यात जातं, कुणाचं तोंडही पाहायचं नसतं. हाच माणूस इंग्रजी बोलायला लागला की दोन शब्दांवर येतो: 'आय डोन्ट लाइक' आणि 'आय हेट'. एक पाणचट, दुसरा जहाल. मधली सगळी जागा रिकामी.

शब्द ठाऊक नसतात असं मुळीच नाही. डिटेस्ट, लोद, अभॉर, डिस्पाइज हे सगळे शाळेत पाठ केलेले असतात. घोळ तिथेच होतो, कारण ते समानार्थी म्हणून पाठ केलेले असतात, एका रांगेत, एकाच अर्थाखाली. बोलायची वेळ आली की रांगेतला कुठला उचलावा ते कळत नाही आणि गाडी पुन्हा 'हेट'वर येते. म्हणून इथे ती रांगच मोडू या. आधी नावड आपल्यात कुठे बसली आहे ते बघायचं, मग तिची धार, मग वाक्याचा सांगाडा, आणि सगळ्यात शेवटी समोर कोण बसलंय ते.

पायरी १: नावड बसलीय कुठे?

'त्याची किळस येते' आणि 'त्याचा वीट आला' यांत फरक आहे हे कुणा मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्यात पोट ढवळतं, दुसऱ्यात सहनशक्ती संपते. इंग्रजी शब्दही असेच आपापल्या जागी बसलेले आहेत. त्यामुळे शब्द शोधण्याआधी स्वतःला विचारा: मला नेमकं काय होतंय?

पोटात ढवळत असेल तर 'डिसगस्ट'. या शब्दात चवीसाठीचा लॅटिन शब्द 'गुस्तुस' दडलेला आहे. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये भावनांबद्दल लिहिताना या शब्दाचा साधा अर्थ चवीला न रुचणं असाच सांगितला होता. सडका वास, तुंबलेलं बेसिन, ओल्या केसांचा गुंता या सगळ्यांना 'डिसगस्टिंग' चालतं. बोलण्यात तरुण मंडळी 'ग्रोस' म्हणतात. शिसारी यावी इतकं असेल तर 'रिव्होल्टिंग' किंवा 'रिपल्सिव्ह'. आपण 'किळसवाणं वागणं' म्हणतो, तसाच हा शब्द इंग्रजीतही वागणुकीला लागतो: 'आय वॉज डिसगस्टेड बाय द वे ही स्पोक टू हर.' म्हणजे तो तिच्याशी ज्या पद्धतीने बोलला, त्याची किळस आली.

डोक्यात जात असेल तर 'एनॉय', 'इरिटेट' आणि बोलीतलं 'गेट्स ऑन माय नर्व्हज'. 'एनॉय'ची कुळकथा मजेदार आहे. लॅटिनमध्ये एखादी गोष्ट मला द्वेष्य आहे हे सांगायला 'मिही इन ओदिओ एस्त' अशी रचना होती. त्यातल्या 'इन ओदिओ'पासून, फ्रेंचच्या वाटेने, आजचा 'एनॉय' आला. द्वेषापासून निघालेला शब्द वापरून वापरून इतका बोथट झाला की आता तो टपटप गळणाऱ्या नळाला पुरतो, त्याहून मोठ्या कशाला पुरत नाही. अन्यायाला कुणी 'एनॉयिंग' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला विषयाचं गांभीर्यच कळलेलं नाही.

सहनशक्ती संपली असेल तर 'फेड अप', 'सिक ऑफ', 'टायर्ड ऑफ'. वीट आणि उबग यांची ही हक्काची जागा. 'फेड अप'मध्ये 'फीड' आहे, म्हणजे खाऊन खाऊन पोट गळ्यापर्यंत आलंय. या तिन्हींची एक अट असते: गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली हवी. पहिल्यांदा भेटलेल्या माणसाचा तुम्हाला तिटकारा वाटू शकतो, वीट येऊ शकत नाही. इंग्रजीतही तसंच. नवीन ॲप उघडल्या उघडल्या 'आय ॲम फेड अप विथ दिस ॲप' म्हटलं तर समोरचा विचारणारच, अहो, आत्ताच तर घेतलंत ना?

त्या माणसाची किंमतच वाटत नसेल तर 'डिस्पाइज' आणि नाम हवं असेल तर 'कंटेम्प्ट'. 'डिस्पाइज'च्या मुळाशी लॅटिन 'देस्पिकेरे', खाली बघणं. हा शब्द वरून खाली जातो. बरोबरीच्या, तगड्या शत्रूला तुम्ही 'हेट' करू शकता आणि मनातून त्याला मानूही शकता. 'डिस्पाइज' केलंत की मानणं संपलं. म्हणून तिरस्कारापेक्षा तुच्छता हा याचा जवळचा मराठी भाऊ. न्यायालयाच्या अवमानाला इंग्रजीत 'कंटेम्प्ट ऑफ कोर्ट' म्हणतात, ते याच अर्थाने: कोर्टाला तुच्छ लेखणं.

मनात सल असेल तर 'रिझेंट'. हा शब्द आपल्याकडे फार कमी वापरला जातो, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी हाच आहे. पुष्कळ जण त्याला राग समजतात. राग भडकतो आणि विझतो. 'रिझेंटमेंट' आत धुमसत राहते, आणि तिच्या मुळाशी आपल्यावर अन्याय झाला ही भावना असते. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ तीव्रतेने किंवा पुन्हा जाणवणं असा. सगळं काम मी केलं आणि कौतुक दुसऱ्याचं झालं, हे वरकरणी हसून सोडून दिलं, पण आत खुपत राहिलं. त्याला 'हेट' शोभत नाही, 'अँग्री'ही पुरत नाही. 'आय रिझेंटेड इट', झालं. क्रियापद लावायचं तर 'आय रिझेंट बीइंग टोल्ड व्हॉट टू डू': मला काय करायचं ते कुणी सांगितलेलं मला खुपतं.

तत्त्वालाच पटत नसेल तर 'अभॉर', आणि विशेषण 'अभॉरंट' किंवा 'रिपग्नंट'. 'अभॉर'मधला 'हॉर' लॅटिनमध्ये केस ताठ उभे राहणं दाखवतो. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृतातल्या 'हृष्' धातूशी जोडतात, म्हणजे आपला रोमहर्ष आणि इंग्रजांचा 'हॉरर' एकाच काट्याचे निघाले! आपल्याकडे तो काटा आनंदाचा झाला, त्यांच्याकडे भीतीचा. आज 'अभॉर' हिंसा, क्रौर्य, गुलामगिरी अशा गोष्टींसाठी राखून ठेवलेला आहे. ओल्या मोज्यांना कुणी 'अभॉर' करत नाही. केलंच तर विनोदासाठी. 'रिपग्नंट' कायद्याच्या भाषेत भेटला तर मात्र किळस विसरून जा. तिथे त्याचा अर्थ विसंगत, विरोधात जाणारा एवढाच असतो. संविधानाशी 'रिपग्नंट' असलेला कायदा निरर्थक ठरतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात म्हटलं ते याच अर्थाने.

राहता राहिला 'अव्हर्शन'. लॅटिन 'आवेर्तेरे', तोंड फिरवणं. यात भावना असेलच असं नाही, टाळणं मात्र असतं. अर्थशास्त्रात तो अगदी थंडपणे वापरतात. डॅनिएल कानेमान आणि अमोस त्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतामुळे 'लॉस अव्हर्शन' ही संकल्पना रुळली: मिळालेल्या फायद्याचा जितका आनंद होतो, त्यापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख जास्त होतं. जोखीम टाळणारा गुंतवणूकदार 'रिस्क-अव्हर्स' असतो. तो जोखमीचा द्वेष करत नाही, तिच्या वाटेला जात नाही. उलट 'मिसो' हा ग्रीक उपसर्ग थेट द्वेषाचा. चघळण्याच्या, घोट घेण्याच्या किंवा पेनाच्या टकटकीच्या आवाजाने काही लोकांचा जीव अक्षरशः कासावीस होतो, त्याला २००१ पासून 'मिसोफोनिया' असं नाव आहे. आणि 'फोबिया' म्हणजे भीती. पालीची किळस येते तो 'डिसगस्ट', पाल दिसली की पाय गळतात तो 'फोबिया'. दोन्ही एकाच माणसात असतील, तरी शब्द दोन.

पायरी २: धार किती?

जागा ठरली की मग तीव्रता. खालून वर गेलं तर चढण साधारण अशी: 'आय ॲम नॉट कीन ऑन इट', मग 'आय डोन्ट लाइक इट', मग 'आय डिसलाइक इट', 'आय कान्ट स्टँड इट', 'आय हेट इट', आणि टोकाला 'आय डिटेस्ट इट' आणि 'आय लोद इट'.

पण ही चढण जशीच्या तशी पाठ केली तर फसाल. रोजच्या बोलण्यात 'हेट' फार स्वस्त झालाय. अलार्मचा आवाज, सोमवार, पावसात भिजलेले बूट, सगळ्याला तो लागतो आणि कुणी मनावर घेत नाही. गोष्टींपासून माणसांकडे वळलात की मात्र त्याचं वजन एकदम वाढतं. 'आय हेट दिस साँग' हवेत विरून जातं. 'आय हेट हिम' म्हटल्यावर खोली गप्प होते. 'डिसलाइक'चं उलट. तो पुस्तकी आणि मोजून-मापून बोलल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच थंड आवाजात उच्चारलेलं 'आय डिसलाइक हिम' कधी कधी चिडून म्हटलेल्या 'हेट'पेक्षा जास्त बोचतं. चिडलेला माणूस उद्या शांत होईल. ज्याने मोजून शब्द निवडलाय तो होणार नाही.

जोर द्यायला 'व्हेरी' क्रियापदाला चिकटवू नका. 'आय व्हेरी डिसलाइक' हे इंग्रजी नव्हे. 'स्ट्राँगली डिसलाइक', 'रिअली हेट', 'ॲब्सोल्युटली लोद' ही जोडपी जमलेली आहेत. आता एक बारकावा, जो मला बरीच वर्षं कळला नव्हता. 'आय डोन्ट रिअली लाइक इट' म्हणजे फारसं आवडत नाही. 'आय रिअली डोन्ट लाइक इट' म्हणजे अजिबात आवडत नाही. 'रिअली' एक घर पुढेमागे सरकला आणि अर्थ पाण्यातून विस्तवात गेला. पहिल्यात नकार 'रिअली'वर बसतो, म्हणून सौम्य. दुसऱ्यात 'रिअली' नकारावर बसतो, म्हणून कडक. दोन्ही मोठ्याने म्हणून बघा, जीभ आपोआप शिकते.

पायरी ३: वाक्याचा सांगाडा

'मला आवडत नाही' या वाक्यात मी कर्ता नाही. गोष्ट न आवडण्याचं काम करते, मी नुसता भोगतो. किळस मला येते, वीट मला येतो, जणू बाहेरून. इंग्रजी 'लाइक'ही एकेकाळी असाच चालायचा. शेक्सपिअरच्या काळातही 'इट लाइक्स मी नॉट' अशी धाटणी ऐकू यायची, म्हणजे हुबेहूब 'ते मला आवडत नाही'. पुढे ती मागे पडली आणि 'आय' गादीवर बसला. आजच्या इंग्रजीत नावडीची जबाबदारी बोलणाऱ्याच्या अंगावर असते. म्हणूनच 'आय डोन्ट लाइक युअर आयडिया' हे 'तुझी कल्पना मला तितकीशी रुचली नाही' याहून कितीतरी आडदांड वाटतं. मराठीतला तो मऊपणा हवा असेल तर गोष्टीलाच कर्ता करा: 'इट डझन्ट रिअली वर्क फॉर मी', 'इट पुट मी ऑफ', 'इट लीव्हज मी कोल्ड'. या शेवटच्यात थंडीचा संबंध नाही. ती गोष्ट मनाला भिडत नाही, एवढंच.

पुढे क्रियापद आलं तर त्याचं रूप कोणतं? 'डिसलाइक', 'डिटेस्ट', 'लोद', 'रिझेंट', 'कान्ट स्टँड' आणि 'डोन्ट माइंड' यांच्यापाठी बहुतेक वेळा '-इंग'चं रूप: 'आय कान्ट स्टँड वेटिंग', 'आय डिसलाइक टॉकिंग ऑन द फोन'. 'आय डिसलाइक टू टॉक' चुकीचं. 'हेट', 'डोन्ट लाइक' आणि 'कान्ट बेअर' यांना '-इंग' आणि 'टू' दोन्ही चालतं. त्यातही 'हेट टू'ची एक वेगळी चाल आहे: 'आय हेट टू बॉदर यू', 'आय हेट टू से दिस, बट'. इथे कुणी कशाचा द्वेष करत नाही. 'सांगायला जिवावर येतंय, पण' असं हे नम्रपणाचं दार आहे, आणि दारातून पुढे वाईट बातमीच येते.

लोक जे करतात ते नावडत असेल तर मध्ये 'इट' हवा: 'आय हेट इट व्हेन पीपल इंटरप्ट.' मराठीत 'लोक मध्येच बोलतात ते मला आवडत नाही' यातला 'ते' म्हणजेच हा 'इट'. आपण मराठीत 'ते' विसरत नाही, इंग्रजीत 'इट' हटकून गाळतो.

'आय ॲम हेटिंग इट' सरसकट म्हणू नका. या क्रियापदांत स्थिती असते, चालू क्रिया नसते. एखाद्या लांबलेल्या प्रवासात 'आय ॲम हेटिंग एव्हरी मिनिट ऑफ दिस' म्हणतात खरं, पण तिथे रोख 'आत्ता, या घटकेला' यावर असतो.

आणि ती जुनी चूक. 'आय ॲम डिसगस्टिंग' म्हणजे 'मी किळसवाणा आहे'. म्हणायचं असतं 'आय ॲम डिसगस्टेड'. '-इंग' गोष्टीला, '-एड' ज्याला वाटतं त्याला. ही चूक करून झाल्यावर हसण्याशिवाय इलाज नसतो, तेव्हा आधीच टाळलेली बरी.

पायरी ४: शब्दाबरोबर येणारं शेपूट

इथे समजून घेण्यासारखं फारसं नाही, घोकण्यासारखं आहे. 'फेड अप विथ'. 'सिक ऑफ', 'टायर्ड ऑफ'. 'अव्हर्शन टू', 'अव्हर्स टू'. 'डिस्टेस्ट फॉर', 'कंटेम्प्ट फॉर'. 'डिसलाइक ऑफ' आणि 'हेट्रेड ऑफ', दोन्हींना 'फॉर'ही चालतं. 'डिसगस्टेड विथ' बहुधा माणसासाठी, 'डिसगस्टेड बाय' किंवा 'ॲट' गोष्टीसाठी. ब्रिटनमध्ये बोलण्यात 'फेड अप ऑफ' ऐकू येईल, पण लिहिताना 'विथ'च ठेवा. 'अव्हर्स टू'मधला 'टू' फसवा आहे, त्याच्यापुढे '-इंग' येतं: 'शी इज अव्हर्स टू टेकिंग रिस्क्स.' पहिल्या भेटीतच कुणी नकोसा झाला तर 'आय टुक अ डिसलाइक टू हिम', आणि तसं लगेचच झालं तर 'ॲन इन्स्टंट डिसलाइक'.

दोन जोड्या वेगळ्या काढून ठेवा. 'लोद' आणि 'लोथ': पहिलं क्रियापद, तीव्र तिटकारा, शेवटी 'द'चा घोष. दुसरं विशेषण, शेवटी 'थ', आणि अर्थ फक्त नाखूश, राजी नसलेला: 'ही वॉज लोथ टू लीव्ह', त्याचा पाय निघत नव्हता. रोमन लिपीत शेवटच्या एका 'ई'चा फरक, त्यामुळे लिहिताना इंग्रजही गडबडतात. देवनागरीत मात्र दोघे कसे वेगळे दिसतात! दुसरी जोडी 'अव्हर्स' आणि 'ॲडव्हर्स'. माणूस 'अव्हर्स' असतो, परिस्थिती 'ॲडव्हर्स' असते. औषधाच्या त्रासदायक परिणामांना 'ॲडव्हर्स इफेक्ट्स' म्हणतात. 'आय ॲम ॲडव्हर्स टू' लिहिलंत तर वाचणारा क्षणभर थांबतोच.

पायरी ५: समोर कोण बसलंय?

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. परदेशातल्या एका ग्राहकाला आम्ही एका पानाची दोन डिझाइन्स दाखवली. दुसरं बघून तो शांतपणे म्हणाला, 'आय डोन्ट मच केअर फॉर द सेकंड वन.' आम्ही 'केअर' ऐकला आणि अर्थ लावला: याला दुसऱ्याची फारशी फिकीर नाही, म्हणजे आपल्याला हवं ते करायची मोकळीक आहे. आम्हाला स्वतःला दुसरंच आवडलं होतं. दोन दिवस बसून आम्ही ते घासूनपुसून लखलखीत केलं आणि मोठ्या उत्साहाने पाठवलं. पलीकडून बराच वेळ काहीच उत्तर आलं नाही. 'डोन्ट केअर फॉर' म्हणजे आवडलं नाही, हे सभ्यपणे सांगणं. 'डोन्ट केअर' म्हणजे पर्वा नाही. मध्ये एक 'फॉर', आणि आमचे दोन दिवस वाया.

इंग्रजीत, विशेषतः कामाच्या ठिकाणी, नावड बहुतेक वेळा अशी पडद्याआडून येते. म्हणून दोन गोष्टी शिकायच्या: पडद्याआडची नावड ओळखणं आणि आपली नावड पडद्याआड ठेवणं. 'आय हॅव सम रिझर्व्हेशन्स अबाउट दिस' म्हणजे आरक्षण नव्हे, मला शंका आहेत, बहुधा मोठ्या. 'आय ॲम नॉट सोल्ड ऑन इट' म्हणजे पटलेलं नाही. 'इट्स नॉट आयडियल' हे पुष्कळदा 'हे भयंकर आहे' याचं सोज्वळ रूप. आणि कुणी विचारपूर्वक 'हम्म, इंटरेस्टिंग' म्हणून पुढे काहीच बोललं नाही तर लगेच हुरळून जाऊ नका.

स्वतः बोलताना चारचौघांत 'इट्स नॉट रिअली माय थिंग' किंवा 'आय ॲम नॉट अ बिग फॅन ऑफ इट' पुरतं. यांत गोष्टीला वाईट म्हटलेलं नसतं, माझा आणि तिचा सूर जुळत नाही एवढंच असतं. 'नॉट माय कप ऑफ टी' हेही त्याच घरातलं, पण आपल्याकडे ते इतकं वापरून झिजलंय की दर तिसऱ्या वाक्यात आलं तर कानाला बोचतं. कशाला तरी नाही म्हणायचं असेल तर 'आय वुड रादर नॉट'. तीन शब्दांच्या वर एक, आणि कारण सांगायची गरज नाही.

माणसांबद्दल बोलताना आणखी जपून. 'वी डोन्ट रिअली गेट ऑन', आमचं फारसं जमत नाही. अमेरिकेत 'गेट अलाँग'. दोष कुणाच्याच माथी जात नाही. 'शी इज नॉट माय फेव्हरिट पर्सन' वरून मवाळ दिसतं, आतून चांगलंच तिखट असतं. 'वी डोन्ट सी आय टू आय' म्हणजे मतं जुळत नाहीत. त्यात नावड असेलच असं नाही. 'देअर इज नो लव्ह लॉस्ट बिट्वीन देम' हे ऐकून प्रेम हरवलेलं नाही, म्हणजे अजून शिल्लक आहे, असा अर्थ काढू नका. दोघांमधून विस्तव जात नाही, असा त्याचा अर्थ आहे.

'माइंड'चा सापळाही इथलाच. 'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' याला 'येस' म्हटलंत तर तुम्हाला खिडकी उघडलेली खुपते. परवानगी द्यायची तर 'नो, नॉट ॲट ऑल'. 'आय डोन्ट माइंड इट' म्हणजे आवडतं असं नाही, चालून जातं. आणि 'अनलाइक' हे क्रियापद म्हणून 'डिसलाइक'चा जोडीदार नाही: एखाद्या पोस्टला दिलेलं 'लाइक' काढून घेणं, एवढाच त्याचा संसार.

पायरी ६: शरीराने सांगितलेली नावड

वाक्प्रचारांत इंग्रजी आणि मराठी एकमेकींच्या फार जवळ येतात, कारण शरीर सगळ्यांचं सारखंच. 'इट टर्न्स माय स्टमक', पोटात ढवळतं. 'इट मेक्स माय स्किन क्रॉल', अंगावर किडा चालल्यासारखं होतं. हे किळस आणि भीती यांच्या मधलं, नजरेतूनच नको वाटणाऱ्या माणसालाही लागतं. 'इट सेट्स माय टीथ ऑन एज', फळ्यावर नख ओढल्याचा आवाज ऐकल्यावर दातांना होतं ते. 'ही रब्ज मी द राँग वे', त्याचं वागणं खटकतं, पण का ते धड सांगता येत नाही. 'इट ड्राइव्ह्ज मी अप द वॉल', डोक्याचा भुगा होतो.

ज्या बारीकशा गोष्टीने तुमचं हमखास डोकं फिरतं तिला अमेरिकेत 'पेट पीव्ह' आणि ब्रिटनमध्ये 'पेट हेट' म्हणतात. लाडाने पाळलेली चीड! मराठीत याला नेमका शब्द मला सापडलेला नाही. 'आय हॅव गॉन ऑफ इट' हा ब्रिटिश प्रयोगही छान आहे: आधी आवडायचं, आता मन उडालंय. आणि नव्या पिढीचा 'द इक', आवडू लागलेल्या माणसाच्या एखाद्या क्षुल्लक लकबीने अचानक मन विटतं, त्याला 'ही गेव्ह मी द इक'. केंब्रिजच्या शब्दकोशाने २०२४ मध्ये त्याला जागा दिली. कामाच्या ईमेलमध्ये तुम्ही देऊ नका.

उद्गारही लक्षात ठेवा. आपलं 'ई!' आणि त्यांचं 'इव!' सख्खी भावंडं. 'शी!'ला 'यक!', वैतागून सुस्कारा टाकायला 'अग!' आणि काहीच वाटलं नाही तर खांदे उडवून 'मे'.

पायरी ७: एकच प्रसंग, वेगवेगळी वाक्यं

सरावासाठी शब्दांच्या याद्या करू नका. एक प्रसंग घ्या आणि तो वेळ आणि माणूस बदलत चालवा. माझा नेहमीचा: शेजारच्या टेबलावरचा सहकारी फोनवर जोरजोरात बोलतो.

पहिला आठवडा, बाजूच्या मैत्रिणीशी: 'ही इज अ बिट लाउड, इझन्ट ही?' नावडीचा शब्दच नाही, तरी पोचलं.

महिनाभराने: 'इट्स स्टार्टिंग टू गेट ऑन माय नर्व्हज.' डोक्यात जायला लागलंय.

तिसरा महिना, घरी: 'आय ॲम सिक ऑफ लिसनिंग टू हिज कॉल्स.' आता वीट आलाय, आणि वेळ गेल्यामुळे 'सिक ऑफ' शोभतो. पुढे '-इंग' बघून घ्या.

साहेबांसमोर: 'आय ॲम फाइंडिंग इट हार्ड टू कॉन्सन्ट्रेट.' इथे माणूसही नाही आणि नावडही नाही. फक्त माझी अडचण आहे, आणि काम होण्याची शक्यता याच वाक्यात सर्वांत जास्त.

थेट त्यालाच: 'आय हेट टू आस्क, बट वुड यू माइंड टेकिंग युअर कॉल्स आउटसाइड?' यावर तो 'येस' म्हणाला तर अवघड. बहुतेक वेळा 'शुअर, सॉरी' म्हणतो.

आणि त्याने ऐकून घेऊन काहीच बदललं नाही, वर साहेबांनी मलाच टेबल बदलायला सांगितलं, तर त्या रात्री डायरीत: 'आय डोन्ट हेट हिम. आय रिझेंट बीइंग द वन हू हॅड टू मूव्ह.'